चुकल्याचा गूळ

आमच्या घरमालकांना मी पहिल्यांदा पाहिलं ते उलटं. म्हणजे मी सरळ होते. उलटे ते होते. अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट, टोपी एका हातात, धोतराचा काचा मारलेला, आणि समुद्राकडे पाठ करून, कमरेतून वाकून, स्वतःच्याच दोन पायांमधून क्षितिजाकडे बघणारे पन्नाशीचे एक गृहस्थ. मी घाटावरची. मुलींच्या शाळेवर मास्तरीण म्हणून नेमणूक झाली, तेव्हा अलिबागहून बैलगाडीनं त्या लहानशा बंदरावर येऊन पोचले होते. गाडीवान म्हणाला, "बाई, त्येच तुमचं घरमालक."

"त्यांना काय होतंय?" मी घाबरून विचारलं.

"काय न्हाय. ढग बघतायत."

इतक्यात ते सरळ झाले. चेहरा लालबुंद झालेला. टोपी डोक्यावर बसवून त्यांनी मला नमस्कार केला आणि म्हणाले, "या. तुमची ट्रंक आधी आत घ्या. दुपारी जोराचा पाऊस येणार असं दिसतंय. देव करो नि माझं चुको."

दुपारी लख्ख ऊन पडलं. संध्याकाळी काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. मला वाटलं, नव्या बिऱ्हाडकरूचं स्वागत असेल.

"स्वागत कसलं, बाई," काकू म्हणाल्या. "यांचं चुकलं, त्याचा गूळ."

त्या घरात मी सात-आठ वर्षं काढली आणि अशा गुळाचे किती खडे खाल्ले त्याला गणती नाही. सगळं बंदर खायचं. लोक आपलं खरं झालं की मिरवतात, काका आपलं चुकलं की गूळ वाटायचे. चौकीच्या दारात ढेप फोडायला बसले की पोरं "कारकुनाचं चुकलं, चला" करत धावत यायची. काका प्रत्येकाच्या हातावर खडा ठेवताना इतके खूश दिसायचे की नवख्याला वाटावं, यांच्याकडे बारसं आहे.

ते बंदराच्या चौकीवर कारकून होते. येणाऱ्याजाणाऱ्या मचव्यांची नोंद ठेवणं हे त्यांचं काम. पण त्यांचा सगळा जीव अडकलेला असायचा तो टोपलीत. चौकीसमोर एक उंच खांब होता. वादळाचा इशारा द्यायचा झाला की डांबर फासलेली बांबूची मोठी काळी टोपली त्या खांबावर चढवायची. टोपली वर असली की होड्यांनी बाहेर पडायचं नाही आणि बाहेरच्यांनी आत शिरायचं नाही, कारण आमच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध होता आणि वाऱ्यात त्याच्यावर लाटा फुटायच्या. टोपली कधी चढवायची ते मात्र काकांच्या हातात नव्हतं. मुंबईहून अलिबागेला तार यायची, तिथून डाकेचा माणूस ओढे-वहाळ ओलांडत ती आमच्याकडे आणायचा. त्याच्याआधी वारा यायचा. बहुतेक वेळा तर तो येऊन गेलेलाही असायचा.

"उंच ढगांशी आपल्याला कर्तव्य नाही," काका मला सांगायचे. "ते साहेबलोक. नुसते दिसतात. खालचे ढग म्हणजे कारकून. सगळं काम तेच करतात, त्यांच्याकडे बघावं."

हे खालचे ढग बघण्याची त्यांची रीत म्हणजेच ते वाकणं. सरळ उभं राहून पाहिलं तर समुद्रावर नुसता करडा गोंधळ दिसतो म्हणे. उलटं पाहिलं की आभाळ खाली जातं, त्याची जमीन होते आणि ढग तिच्यावर मांडल्यासारखे दिसतात. त्यांचे तळ सपाट आहेत, त्यांच्या ओळी आहेत, हे तेव्हा कळतं. काका याला पंगत म्हणत. पावसाळ्यातला वारा एकसारखा असला की ढगांचे पाट एकामागे एक ओळीनं मांडलेले असतात. "पंगत नीट बसलीय" म्हणजे काळजी नाही. ओळी वाकड्या झाल्या, मध्ये भोकं पडली की "पंगत उठतेय". आणि सगळ्यात वाईट म्हणजे ओळीबिळी जाऊन समुद्राच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच लांबलचक ढग अगदी पाण्याला टेकून येतो तो. त्याला ते कमान म्हणत आणि ते नाव घेताना आवाज खाली आणत.

सरकारी कारकुनानं दिवसातून दहा वेळा धक्क्यावर असं वाकावं हे काकूंना मेल्याहून मेल्यासारखं वाटायचं. "निदान शाळा सुटायच्या वेळी तरी सरळ उभे राहा," असं त्या सांगत. काका ते ऐकत, आणि शाळा सुटायच्या वेळी परसात जाऊन वाकत. सकाळी राखुंडी लावतानाही त्यांचं तेच. बोट तोंडात, डोकं गुडघ्यात.

एकदा परसात कोणी नाही असं बघून मीही वाकून पाहिलं. खरंच पंगत दिसली. पार क्षितिजापर्यंत राखाडी पाट मांडलेले. बघत राहिले आणि चक्कर येऊन कढीलिंबावर कलंडले. काकूंनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं असणार, कारण जेवताना त्या म्हणाल्या, "एक होता, आता दोन झाले."

काकांचं बरोबर किती येत असे? फारसं नाही. दहांत सात वेळा गूळ असायचा, असं बंदरावर म्हणत. माझ्या शाळेतल्या मुलींचं मतही तेच होतं. मला मात्र त्यांचा आधार वाटायचा. माझे यजमान विषमज्वरानं अंथरुणाला खिळले होते तेव्हा घरात येणारं प्रत्येक माणूस "काही होत नाही, सगळं बरं होईल" म्हणत होतं. शेवटच्या दिवशीसुद्धा म्हणत होतं. तेव्हापासून धीर देणाऱ्या माणसांचा मला राग आहे. काका कधी कुणाला धीर देत नसत. ते उघड घाबरत, घाबरलो असं सांगत, आणि आपली भीती खोटी ठरावी म्हणून देवाला हात जोडत. हा प्रामाणिकपणा मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही.

या भीतीचं मूळ काकूंनी मला तांदूळ निवडता निवडता सांगितलं. मी यायच्या बऱ्याच आधीची गोष्ट. नवी नोकरी होती. काकांनी धक्क्यावरून आभाळ बिघडलेलं पाहिलं होतं. पण तार नाही म्हणून टोपली चढवली नाही. होड्या गेल्या. "तार आली तेव्हा हे किनाऱ्यावर होते," काकू म्हणाल्या. "माणसं ओळखायला बोलावलं होतं. तारेवर सही तिथंच केली." मग त्या बराच वेळ एकच खडा तांदळात शोधत राहिल्या.

मी आले त्याच वर्षीच्या नारळी पौर्णिमेची गोष्ट. ज्येष्ठापासून बंद असलेला समुद्र त्या दिवशी उघडतो. कोळी नारळ घेऊन वाजतगाजत किनाऱ्यावर येतात, दर्याला नारळ देतात आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या होड्या बाहेर पडतात. मुंबईला जाणारे मचवेही तेव्हाच सुटतात. त्यांतला एक मचवा चौलकडच्या एका मुसलमान तांडेलाचा होता. धिप्पाड, दाढीला मेंदी लावणारा, काकांचा जुना स्नेही. मचव्यात बागांतली सुपारी नि नारळ भरलेले, माणसं चढलेली, शीड सोडायचं तेवढं बाकी. आणि काका वाकले, सरळ झाले, आणि तार नसताना त्यांनी टोपली चढवली.

तांडेल चौकीत आला. "भाऊसाहेब, ही काय मस्करी हाय? आभाळ साफ हाय."

"खालचे बघ. पंगत उठतेय."

"सालाची पहिली खेप हाय माजी."

"माझं चुकलं तर गूळ खा."

काकांचं चुकलंच. दोन दिवस शीड भरेल एवढाच हलका वारा, समुद्र तळ्यासारखा. दुसऱ्या बंदरांवरचे मचवे मुंबईला पोचले, आमचे धक्क्याला बांधलेले. काका गूळ घेऊन गेले तेव्हा तांडेलानं हात पुढे केला नाही. सगळ्यांदेखत म्हणाला, "अल्लाची कसम, भाऊसाहेब, आजपासून तुमची टोपली मी बघनार न्हाय. वर असूं दे, खाली असूं दे." तक्रारी वर गेल्या. एक साहेब तपासणीला आला आणि बजावून गेला की तारेशिवाय टोपली हलली तर नोकरी गेली समजा. त्या वर्षी तार काही आली नाही, आणि काकांनी वर्षभर टोपलीला हात लावला नाही. वाकणं तेवढं चालू होतं. पण त्यांची झोप गेली आणि गूळ वाटणंही बंद झालं. टोपली चढवायची नाही, चारचौघांत अंदाज सांगायचा नाही, तर चुकणार तरी कशात? पोरं चौकीपाशी घुटमळून परत जायची.

पुढच्या वर्षी त्यांची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. ती गिरगावात दिलेली. बाईमाणसाला पावसाळ्यात आणायचं तर धरमतरपर्यंत आगबोट आणि पुढं बैलगाडी. पण श्रावणात ते रस्ते म्हणजे नुसते खड्डे, आणि सातवा महिना लागलेली पोर. तेव्हा असं ठरलं की नारळी पौर्णिमा झाली की पहिल्या मचव्यानं तिला आणायचं. पहिला मचवा म्हणजे त्याच तांडेलाचा.

मचवा यायच्या दिवशी शाळा लवकर सोडून मी काकूंबरोबर धक्क्यावर गेले. काकू नटूनथटून आल्या होत्या. पदराच्या गाठीत गुळाची लहान ढेप. "पोरीला लहानपणापासून बापाच्या चुकल्याच्या गुळाचा नाद," त्या हसून म्हणाल्या. "आज न चुकताच देणार आहे." आभाळ बरं होतं. काका सकाळीच सांगून गेले होते, पंगत नीट बसलीय. लांब उत्तरेला शीड दिसलं. समोरचा वारा असल्यामुळं मचवा नागमोडी येत होता, सावकाश.

काका वाकले. नेहमी वाकायचे नि लगेच उठायचे. या वेळी उठेनात. मी जवळ गेले तेव्हा तसेच वाकलेले असताना म्हणाले, "बाई, तुम्ही बघा. माझा माझ्यावर विश्वास नाही."

धक्क्यावर निम्मं गाव होतं. माझ्या शाळेतल्या मुलींचे पालक होते. मी पदर खोचला आणि वाकले. पंगत नव्हती. पाट कुणीतरी गोळा करून नेले होते आणि आभाळाच्या कडेला एक लांब करडी वळकटी पडली होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"वळकटीसारखं काहीतरी दिसतंय," मी म्हटलं.

"सरकतेय?"

"कळत नाही, काका."

"मलाही कळत नाही."

आम्ही दोघं सरळ झालो. त्यांचा चेहरा वाकूनही पांढराच होता. चौकीचा शिपाई शेजारी येऊन उभा राहिला होता. काका त्याच्याशी बोलल्यासारखे, पण खरं म्हणजे स्वतःशीच बोलत होते. "टोपली चढवली तर तो परत अलिबागेला फिरेल. तिथून उद्या गाडीनं येणार, त्या रस्त्यानं, अवघडलेली पोर. आणि काहीच झालं नाही तर? पोरीला उगाच हाल मीच घातले. न चढवली तर मचवा बांधापाशी पोचेल नेमका त्याच वेळी..." मग काकूंकडे वळून विचारलं, "काय करू?"

दुसरा कुठलाही दिवस असता तर काकूंनी दोन शब्द ऐकवले असते. त्या दिवशी त्या म्हणाल्या, "मला विचारू नका. मला नका विचारू."

काका खांबाकडे चालू लागले. शिपाई म्हणाला, "दादा, तार न्हाय आली."

"ठाऊक आहे."

"नोकरी जाईल, दादा."

"जाईल तर जाईल. तू लांब उभा राहा, तुझ्यावर नको."

वर्षभर न वापरलेली कप्पी गंजली होती. दोर ओढताना ती कण्हल्यासारखी वाजत होती. टोपली वर गेली, वर जाऊन थोडी झुलली, आणि आम्ही सगळे मचव्याकडे बघू लागलो. मचवा येतच होता. तांडेलानं शपथ घेतली होती, ती प्रत्येकाला आठवत होती. काकांनी टोपी काढून हवेत हलवली. इतक्या लांबून ती काय दिसणार? शीड आमच्याकडेच तोंड करून येत राहिलं. मग एकाएकी वारा पडला, उकडायला लागलं. वळकटी आता सरळ उभ्यानंसुद्धा दिसत होती. समुद्र शिशासारखा काळा झाला, आणि पावसाचा पडदा उत्तरेकडून दक्षिणेकडे एका झपाट्यात ओढला गेला. मचवा त्या पडद्याच्या मागे राहिला. फिरला की नाही ते कुणालाच दिसलं नाही.

मग जो वारा आला तो मी आयुष्यात विसरणार नाही. चौकीचे पत्रे उडाले. खाडीच्या तोंडावर बांधावर लाटा फुटून नुसता पांढरा फेस दिसत होता. ज्याला त्याला कळत होतं की तिथं आत्ता मचवा असता तर काय झालं असतं. तो तिथं नव्हता कशावरून, हे मात्र कुणाला सांगता येत नव्हतं. पुरुषांनी काकूंना चौकीत यायला सांगितलं. त्या आल्या नाहीत. धक्क्याच्या दगडी कठड्याला टेकून पावसात बसून राहिल्या, पदरातली ढेप पोटाशी धरून. लाटांचे तुषार अंगावर येत होते. काका समोर उभे होते.

"चुकलं म्हणा," काकू म्हणाल्या.

काका फेसाळलेल्या बांधाकडे बघत होते.

"इतक्या वेळा म्हणता. आज एकदा म्हणा. चुकलं म्हणा."

"खरं झालं गं," काका म्हणाले. "या खेपेला खरं झालं." आणि लहान पोरासारखे रडू लागले. मी त्यांना धीर दिला नाही. मला येत नाही, आणि त्यांनाही तो चालला नसता. नुसती शेजारी उभी राहिले. संध्याकाळी पाऊस थांबला तेव्हा समुद्रावर काही नव्हतं. अलिबागेच्या वाटेवरचा ओढा फुगलेला, त्यामुळं माणूस पाठवायची सोय नाही. ती रात्र मी सांगत नाही.

सकाळी दहाच्या सुमाराला गाडीच्या घुंगरांचा आवाज आला. गाडीच्या पुढं चिखलानं माखलेला तांडेल चालत होता, खड्डा आला की चाकाला हात देत. गाडीत उशांचा ढीग, आणि उशांच्या ढिगात काकांची मुलगी. चेहरा उतरलेला, पण धडधाकट. काकू धावल्या. काका जागेवरच उभे राहिले.

तांडेल त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. "भाऊसाहेब, मी टोपली बघितली न्हाय," तो म्हणाला. "कसम होती माजी, मी मोडली न्हाय. हिनं बघितली. म्हंते, चाचा, बाबांची टोपली चढली, फिरवा मचवा. मी म्हटलं, बेटी, तुज्या बापाचं रोजचंच हाय. तर म्हंते, चुकलं आसंल तर घरी गूळ मिळंल, खरं आसंल तर जीव वाचंल. आता सांगा, यावर मी काय बोलनार? फिरवला. मागनं वारा आला, त्यानंच अलिबागेच्या खाडीत नेऊन घातलं."

मुलगी काकूंच्या मिठीतून डोकं काढून म्हणाली, "बाबा, गूळ कुठाय?"

तेवढ्यात डाकेचा माणूसही पोचला, गुडघ्यापर्यंत भिजलेला. मुंबईची तार होती: वादळाची शक्यता आहे, इशारा चढवावा. काकांनी सही केली. बाहेर स्वच्छ ऊन होतं, समुद्रावर पंगत पुन्हा ओळीनं बसली होती. टोपली कालपासून वरच होती, ती उतरवायची कुणाला आठवणच राहिली नव्हती. काकांनी ती खाली घेतली, आणि तारेचा हुकूम म्हणून पुन्हा वर चढवली. तांडेल इतका हसला की त्याला बसावं लागलं.

मग काका काकूंना म्हणाले, "ढेप आण."

"आज कशाला?" शिपाई म्हणाला. "आज तर तुमचं खरं झालं, दादा. पैल्यांदाच."

"ढगाचं खरं झालं," काका म्हणाले. "पण काल संध्याकाळपासून माझ्या मनानं जे धरलं होतं," आणि मुलीकडे बघून ते थांबले. "ते चुकलं. पार चुकलं."

काकूंनी पदराची गाठ सोडली. ढेप कालपासून तिथंच होती; त्यांनी ती सोडलीच नव्हती. पाण्यानं बुळबुळीत झालेली, वाळू लागलेली. वरवंटा आणायलाही कुणी थांबलं नाही, काकांनी ती धक्क्याच्या दगडावरच फोडली. पहिला खडा मुलीला दिला, दुसरा तांडेलाला. या वेळी त्यानं दोन्ही हात पुढं केले. मग शिपाई, डाकेचा माणूस, गाडीवान, मी, आणि वर्षभर घुटमळणारी ती सगळी पोरं. गूळ खारट लागत होता. दातांखाली वाळू कचकचत होती. कुणी थुंकलं नाही.